जुना फिल्म कॅमेरा आणि जवळपासची भटकंती: पहिल्या दोन रोलांसाठी मार्गदर्शन

जुना फिल्म कॅमेरा हातात आला की पहिला बेत बहुधा लांबच्या सहलीचा ठरतो. माझा आग्रह असा, की पहिले काही रोल घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरातच संपवावेत. फिल्मवर काढलेला फोटो लगेच दिसत नाही. रोल संपायचा, धुवायला जायचा, परत यायचा, आणि मग काय चुकलं ते कळायचं. तोवर लांबचं ठिकाण हातचं गेलेलं असतं. जवळच्या ठिकाणी मात्र निगेटिव्ह पाहून परत जाता येतं, त्याच भिंतीसमोर त्याच वेळी उभं राहून या खेपेला काय वेगळं करायचं ते ठरवता येतं. फिल्मवर हात बसतो तो या दुसऱ्या फेरीत. म्हणून पुढची सगळी तयारी एकाच जागेच्या दोन फेऱ्या धरून सांगितली आहे.

कॅमेरा निवडताना

नवख्यांसाठी माझी पसंती पूर्ण यांत्रिक एसएलआरला (आतल्या आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला) आहे. पेंटॅक्स के-१००० (१९७६ ते १९९७ इतकी वर्षं तो बनत राहिला), ऑलिम्पस ओएम-१, निकॉन एफएम-२ यांपैकी जो चांगल्या स्थितीत मिळेल तो घ्या. या कॅमेऱ्यांना बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरसाठी, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागासाठी. ती संपली तरी शटर सगळ्या वेगांना चालत राहतं. कॅनन एई-१ हाही १९७६ चा आणि तितकाच लोकप्रिय, पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. बॅटरी गेली की कॅमेरा बंद, म्हणून जादा बॅटरी पिशवीत हवीच.

फक्त पायीच फिरणार असाल तर ऑलिम्पस ट्रिप ३५ चा विचार जरूर करा. १९६७ ते १९८४ या काळात बनलेल्या या छोट्या कॅमेऱ्याला बॅटरीच लागत नाही. लेन्सभोवतीचा सेलेनियमचा सेल उजेडावरच चालतो. उजेड कमी पडला तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलं जात नाही. विकत घेण्यापूर्वी हीच परीक्षा करा: लेन्स हाताने पूर्ण झाकून बटण दाबा, लाल पट्टी आली पाहिजे, मग उजेडाकडे धरून दाबा, शटर उघडलं पाहिजे. सेल मेलेला असेल तर उजेडातही लाल पट्टीच दिसत राहील.

याशिका मॅट-१२४जी सारखा जोडलेन्सचा कॅमेरा फार सुंदर चीज आहे. १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो मिळतात आणि वरून खाली पाहून चौकट जुळवण्यात एक वेगळीच एकाग्रता येते. पण त्यात चित्र डावं-उजवं उलटं दिसतं आणि हालत्या गोष्टीमागे कॅमेरा फिरवताना नवा माणूस गोंधळतो. तो दुसरा कॅमेरा म्हणून घ्यावा.

सोव्हिएत बनावटीचा झोर्की किंवा फेड हाती आला तर एक नियम लक्षात ठेवा: आधी फिल्म पुढे सरकवून शटर चढवा, मगच शटरचा वेग बदला. न चढवता चकती फिरवली तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

घेण्यापूर्वीची तपासणी

फिल्म न भरता मागचं झाकण उघडा, लेन्सचं तोंड उजेडाकडे धरा आणि मागून बघत एकेका वेगाला शटर दाबा. एक सेकंदाला दाबल्यावर ते साधारण सेकंदभर उघडं राहिलं पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यांचे संथ वेग आधी बिघडतात. आतलं वंगण घट्ट होतं आणि शटर मध्येच अडकतं. वेगवान आकड्यांवर पूर्ण चौकोन क्षणभर उजळलेला दिसायला हवा. एक बाजू काळीच राहत असेल तर दुरुस्तीचं काम आहे.

लेन्समधून आरपार टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. एखादा धुळीचा कण किंवा पुढच्या काचेवरचा बारीकसा ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, त्यासाठी चांगला कॅमेरा सोडू नका. अ‍ॅपर्चरची, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी पाती तेलकट असतील तर ती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतात. झाकणाच्या कडेला असलेला काळा फोम बोटाला चिकटतो का, तेही पाहा. चिकटत असेल तर उजेड आत शिरणार. तो फोम बदलणं मात्र सोपं आणि स्वस्त काम आहे.

बॅटरीचा एक मुद्दा बहुतेक जण विसरतात. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या अनेक कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या, पारा असलेल्या बॅटरीवर बेतलेले होते. ओएम-१ त्यांतलाच. त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातली की काटा हलतो, पण आकडा चुकीचा दाखवतो. श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते, ती बरीच जवळ जाते. आकाराने लहान असल्यामुळे तिच्याभोवती एक कडी घालावी लागते आणि ती लवकर उतरते, इतकंच. के-१००० ला ही अडचण नाही. त्याला साधी एलआर-४४ चालते.

फिल्म

पहिल्या रोलसाठी ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ताजी निगेटिव्ह फिल्म घ्या. रंगीत हवी तर कोडॅक अल्ट्रामॅक्स ४००, कृष्णधवल हवी तर इल्फर्ड एचपी५ प्लस. जवळची लॅब फक्त रंगीत रोल धूत असेल तर इल्फर्डची एक्सपी२ सुपर हा चांगला मार्ग आहे: ती कृष्णधवल असूनही रंगीत फिल्मच्याच सी-४१ प्रक्रियेत धुतली जाते. ४०० आयएसओ का, तर सावलीत, ढगाळ हवेत आणि संध्याकाळच्या सुरुवातीलाही ती हातात धरून वापरता येते. मुदत संपलेल्या फिल्मचा मोह आत्ता टाळा. निकाल बिघडला तर दोष कॅमेऱ्याचा, तुमचा की फिल्मचा, हे ओळखता येणार नाही. स्लाइड फिल्मही (जिच्यावर उलटं नव्हे तर थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं) नंतर. तिला अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा खपत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), तर रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त उजेड सहज पचवते. कमी उजेड मात्र तिलाही सोसत नाही. म्हणून शंका आली की नेहमी थोडा जास्त उजेड द्या.

रोल भरायची कृती घरी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून करता येईपर्यंत घोटा:

१. थेट उन्हात रोल भरू नका. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत भरा.

२. फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळाच्या खाचेत घाला आणि थोडी पुढे सरकवा. दोन्ही कडांची भोकं दात्यांत बसलेली दिसली पाहिजेत.

३. झाकण लावण्याआधी डावीकडची रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने अलगद फिरवून सैल फिल्म ताणून घ्या.

४. झाकण लावा, दोनदा शटर दाबून फिल्म पुढे न्या. पुढे नेताना डावीकडची मूठ आपोआप फिरली पाहिजे. फिरली नाही तर फिल्म रिळात धरलेलीच नाही, आणि तुम्ही छत्तीस फोटो हवेत काढणार.

५. आयएसओची चकती ४०० वर आणा. फिल्मच्या डबीवरचा कोड वाचणारे कॅमेरे १९८३ नंतर आले. त्याआधीच्या कॅमेऱ्याला हे तुम्हीच सांगायचं असतं.

रोल संपताना फिल्म पुढे नेणारी लिव्हर जड लागली की जोर करू नका, भोकं फाटतात. कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबा, मूठ फिरवत राहा, एकदम हलकी लागली की फिल्म डबीत गेली. झाकण त्यानंतरच.

उजेड ओळखायला शिका

मीटर असला तरी उजेडाचा अंदाज डोळ्यांनी यायला हवा, कारण मीटर जुना आहे आणि त्याला खोटं ठरवण्याचं दुसरं साधन तुमच्याकडे नाही. नियम सोपा आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ (हा एफ-आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या जवळचा घ्या. ४०० आयएसओला १/५०० सेकंद. मग सावल्यांकडे बघा. सावलीची कड धारदार असेल तर एफ/१६. कड मऊ झाली तर एफ/११. सावली दिसेनाशी झाली तर एफ/८. आभाळ दाटून आलं तर एफ/५.६. आणि उन्हाच्या दिवशी इमारतीच्या किंवा झाडाच्या सावलीतला माणूस टिपायचा असेल तर एफ/४. शटर तोच ठेवायचा.

मीटर फसतो तो बहुधा आभाळामुळे. चौकटीत उजळ आभाळ बरंच असलं की मीटरला सगळंच उजळ वाटतं, तो अ‍ॅपर्चर मिटवायला सांगतो आणि खालचा रस्ता, माणसं काळवंडतात. अशा वेळी कॅमेरा जमिनीकडे झुकवून मोजमाप घ्या, तेच आकडे ठेवून चौकट पुन्हा वर आणा. दुसरी युक्ती तळहाताची. विषयावर पडतो त्याच उजेडात तळहात धरा, त्यावर मोजमाप घ्या आणि एक स्टॉप जास्त द्या. तळहात मीटरच्या अपेक्षेपेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतो, म्हणून ही भर. मी मीटरच्या काट्यापेक्षा या तळहातावर जास्त विसंबतो.

पायी फिरताना

जागा अशी निवडा जिचा तासाभरात फेरा होतो: नदीचा काठ, जुनी बाजारपेठ, रेल्वेफाटकाच्या आसपासची वस्ती, एखादं बंद पडलेलं कारखान्याचं आवार बाहेरून. एक कॅमेरा, एक लेन्स, एक रोल. दुसरी लेन्स सोबत असली की अर्धा वेळ ती लावावी की नाही या विचारात जातो.

फेऱ्याचा पहिला अर्धा भाग शटर न दाबता चाला. उन्हात एकदा आणि सावलीत एकदा मोजमाप घ्या, दोन्ही आकडे लक्षात ठेवा; आभाळ बदललं नाही तर पुढचा तासभर हेच दोन आकडे पुरतात. सूर्य कुठून येतोय ते पाहा. तो पाठीमागे असला की सगळं उजळ पण सपाट दिसतं, बाजूने आला की भिंतीचा पोत, दगडाचे खड्डे, चेहऱ्यावरच्या रेषा उठून येतात. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे, म्हणजे बाजूच्या उजेडाची वेळ सुरू आहे. सूर्य तासाला सुमारे पंधरा अंश सरकतो. आत्ता सावलीत असलेली गल्ली तासाभराने उजळेल का, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मग परतीच्या वाटेवर फोटो काढा.

रस्त्यावरच्या हालचाली टिपायच्या तर फोकस आधीच लावून ठेवा. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला एफ/८ ठेवून फोकस पाच मीटरवर लावला, तर साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला तेवढीच खोली हवी असेल तर एफ/१६ लागतो. लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या आकड्यांच्या दोन-दोन रेघा कोरलेल्या असतात, त्या हेच सांगतात. त्या वाचायला शिकलात की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच फोटो अर्धा तयार असतो. हात स्थिर राहण्यासाठी शटरचा वेग लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी आकड्याचा नको: ५० च्या लेन्सला १/६० किंवा त्याहून वेगवान.

माणसांचा फोटो काढायचा तर विचारा. जुना कॅमेरा पाहून लोक स्वतःहून बोलायला येतात, त्या बोलण्यातच परवानगी मिळून जाते. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली.

गाडीने जाताना

गाडीचा उपयोग पोहोचण्यापुरता आणि उजेडाचा पाठलाग करण्यापुरता. चालवणाऱ्याने फोटोसाठी जागा हेरत बसू नये. शेजारी बसलेल्याने रस्त्याकडे बघत खुणा नोंदवाव्यात. वीस-तीस किलोमीटरचा वळसा ठरवा, पहिल्यांदा न थांबता पूर्ण फिरा, नकाशावर चार-पाच जागा मांडा, मग परतताना त्यांतल्या दोनच ठिकाणी थांबा. गाडी रस्त्यापासून पुरेशी दूर, सुरक्षित लावा आणि तिथून निदान दहा मिनिटं चाला. गाडीच्या दाराशी उभं राहून काढलेला फोटो रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं तेवढंच दाखवतो.

आता जपायच्या गोष्टी. उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून झपाट्याने तापते, आणि उष्णतेने फिल्मचे रंग बिघडतात. डॅशबोर्डवर, त्याच्या कप्प्यात किंवा तापलेल्या डिकीत कॅमेरा आणि रोल कधीही ठेवू नका. उष्णतारोधक पिशवीत घालून सीटच्या मागे, सावलीच्या बाजूला ठेवा. लांब चालणार असाल तर सोबतच न्या. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरलात की लेन्सवर आणि आरशावर बाष्प धरतं. पिशवी बंदच ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होऊ द्या. रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर हाच नियम: रोलची बाहेरची प्लास्टिकची डबी उघडण्यापूर्वी तासभर आधी फ्रिजबाहेर काढा.

सततच्या हादऱ्यांनी जुन्या कॅमेऱ्यांचे बारीक स्क्रू सैल होतात. गाडीच्या फरशीवर तो ठेवू नका, मांडीवर किंवा मऊ कापडात गुंडाळून सीटवर ठेवा. गाडीतूनच फोटो घ्यायचा असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या. काच खाली घेता येत नसेल तर लेन्स तिच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका.

वही

खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. प्रत्येक फोटोला एक ओळ: क्रमांक, अ‍ॅपर्चर, शटर, उजेड कसा होता, कुठे उभे होतात. पहिल्या रोलमध्ये एक छोटी चाचणीही करा. एकाच दृश्याचे चार फोटो काढा: मीटर म्हणेल तसा, एक स्टॉप कमी, एक स्टॉप जास्त, दोन स्टॉप जास्त. उन्हात एकदा, सावलीत एकदा. आठ फोटो खर्ची पडतात हे खरं, पण तुमच्या कॅमेऱ्याचा मीटर किती खरा बोलतो हे यातूनच कळतं.

निगेटिव्ह वाचताना

रोल संपल्यावर तो लवकर धुवायला द्या, आणि लॅबला स्कॅनसोबत निगेटिव्हही परत हव्यात असं स्पष्ट सांगा. काही लॅब त्या टाकून देतात. स्कॅन करणारं यंत्र फोटो आपल्या परीने उजळ किंवा गडद करून टाकतं, त्यामुळे खरी परीक्षा निगेटिव्हवरच होते. पांढऱ्या उजेडासमोर पट्टी धरा.

सावल्यांच्या जागी निगेटिव्ह अगदी पारदर्शक, कोरी दिसत असेल तर उजेड कमी पडला. सगळीच फार गडद, जाडजूड दिसत असेल तर जास्त झाला. फोटोच नाहीत पण कडेचे छापील आकडे ठळक आहेत, म्हणजे फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकली नव्हती किंवा शटर उघडलं नव्हतं. कडेचे आकडेही फिकट असतील तर धुण्यात गडबड आहे. अनेक फोटोंवर एकाच जागी पट्टा दिसतो आणि तो भोकांच्या कडेपर्यंत पसरला आहे, तर मागच्या झाकणाचा फोम गळतो आहे. तोच डाग फक्त चित्राच्या चौकटीत असेल आणि कडा स्वच्छ असतील तर शटरच्या पडद्याला भोक असू शकतं. वेगवान शटरच्या फोटोंमध्येच एक बाजू अंधारलेली असेल तर पडदे बरोबर पळत नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत १/२५० पेक्षा वेगवान शटर वापरू नका.

आता वही उघडा आणि चाचणीचे चार फोटो शेजारी लावून पाहा. ‘एक स्टॉप जास्त’चा फोटो दोन्ही उजेडांत सर्वांत चांगला निघाला असेल, तर तुमचा मीटर कमी उजेड सुचवतो आहे. आयएसओची चकती ४०० ऐवजी २०० वर ठेवली की हिशेब जुळतो.

दुसरी फेरी

तोच कॅमेरा, तीच लेन्स, तीच फिल्म घेऊन त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी जा. पहिल्या रोलमधले पाच फोटो निवडा आणि पुन्हा काढा. उजेड कमी पडला होता तिथे एक स्टॉप वाढवा, फोकस चुकला होता तिथे अंतर पावलांनी मोजा, चौकटीत पसारा होता तिथे दोन पावलं पुढे या. उरलेले फोटो मोकळेपणाने काढा. पहिल्या फेरीत न दिसलेल्या कितीतरी गोष्टी आता दिसतील.

कृष्णधवल फिल्म असेल तर आभाळासाठी पिवळा फिल्टर लावून पाहायला ही योग्य वेळ आहे. तो निळं आभाळ थोडं गडद करून ढग उठावदार करतो आणि एक स्टॉप उजेड खातो. लाल फिल्टरने आभाळ जवळपास काळं होतं, मला ते नाट्य फार आवडतं, पण तो सुमारे तीन स्टॉप खातो, म्हणून लख्ख ऊन हवं. मीटर लेन्समधून मोजत असेल तर ही भर बऱ्याच अंशी तोच धरतो. वेगळा मीटर किंवा डोळ्यांचा अंदाज वापरत असाल तर ती तुम्ही द्यायची.

दुसरा रोल धुऊन आला की निगेटिव्हच्या पट्ट्या पारदर्शक खणांच्या फाइलमध्ये पहिल्या रोलशेजारी लावा आणि दोन्हींवर जागा, महिना, वेळ लिहा. तिसऱ्या वेळी लेन्स, फिल्म किंवा जागा यांतली एकच गोष्ट बदला.